पायरीचा दगड

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या घरात जी झाडलोट सुरू होते तिचा शेवट नेहमी पायरीपाशी होतो. माळ्यावरची भांडी घासून होतात, भिंतींना पोचारा बसतो, अंगणात सडा पडतो, आणि मग वसुबारसेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी माझी आई नारळाची शेंडी घेऊन पायरी घासायला बसते. हे काम ती सुनेला देत नाही. पायरी काळ्या दगडाची आहे. दोन हात लांब, अखंड. तिच्या दर्शनी अंगावर हंसांची ओळ कोरलेली आहे. त्यांतले तीन हंस सबंध आहेत आणि चौथा अर्ध्यावर तुटला आहे. आई त्यांच्या चोचींतली नि पंखांतली धूळ काडीने काढते, वरून तांब्याभर पाणी ओतते, आणि ओल्या दगडाच्या दोन्ही टोकांना पणत्यांपुरती जागा पुसून घेते. हे मी लहानपणापासून पाहत आलो. हा दगड गावाबाहेरच्या पडक्या हेमाडपंती देवळातला आहे आणि घर बांधताना वडिलांनी तो आणला, एवढे मला ठाऊक होते. त्यात काही विचारण्याजोगे आहे, असे मला इतक्या वर्षांत कधी वाटले नाही.

ते वाटायला लावले सातवीतल्या एका मुलाने.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल सिंदखेड राजा आणि लोणार पाहायला गेली. बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांची सहल दुसरीकडे कुठे जाणार? सकाळी आम्ही सिंदखेडला राजवाड्याच्या महाद्वारापाशी उतरलो. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जिथे जन्मल्या तो हा वाडा. तिथून रंगमहाल, नीळकंठेश्वराचे देऊळ, पुतळा बारव आणि लखुजीराव जाधवांची समाधी असे सगळे पाहून दुपारी लोणारला पोहोचलो. आकाशातून आलेल्या एका दगडाने जमिनीला जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीची वाटी पाडली, तिच्यात खारे सरोवर साचले आणि त्याच्या काठाने माणसांनी देवळे उभी केली. गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. त्याच्या भिंतींवर बोट ठेवायला मोकळी जागा सापडायची नाही, इतके कोरीव काम आहे. त्या देवळासमोर, संरक्षित स्मारकाच्या फलकाशेजारी उभे राहून मी मुलांपुढे बोललो.

मी चांगले बोललो, असे मला तेव्हा वाटले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आहे, पण तीन-चार कादंबऱ्या लिहिल्यामुळे वाक्य कुठे थांबवावे हे मला कळते. मी म्हणालो की, इथला दगड हलवणे, त्यावर नाव कोरणे, तुकडा घरी नेणे हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा नसता तरी ते पापच झाले असते. कारण जो असा दगड नेतो तो एकट्या सरकारची चोरी करत नाही. ज्यांनी तो घडवला त्यांची आणि जी मुले अजून जन्मली नाहीत त्यांचीही करतो. मुले गप्प झाली. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून अगदी सरळ, चौकशीच्या सुरात प्रश्न आला, "गुरुजी, मग तुमच्या घरच्या पायरीचे हंस?"

तो आमच्या आळीतलाच मुलगा. रोज त्याच पायरीवर बसून तो माझ्याकडून गणिते सोडवून घेतो. त्याच्या मनात टोचून बोलावे असे काही नव्हते. त्याला उत्तर हवे होते. बरोबरचे एक शिक्षक हसले. मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "चला, ऊन उतरतंय. अजून गोमुखाची धार पाहायची आहे."

वीस वर्षे मी मुलांना सांगतो आहे की, उत्तर येत नसेल तर तसे म्हणावे, दुसरेच उत्तर देऊ नये. त्या दिवशी मी गोमुखाची धार दाखवली.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःशी वडिलांची वकिली सुरू केली. माणूस स्वतःच्या बापाला चोर म्हणायला सहजी तयार होत नाही. वडिलांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ होते. ते देऊळ कोणत्याही यादीत नव्हते, तिथे फलक नव्हता, पूजा नव्हती. गावातल्या निम्म्या घरांत तिथले दगड आहेत. कोणाच्या गोठ्यात खांबाचा तळखडा दावणीला आहे, कोणाच्या विहिरीच्या काठावर चौकटीचा तुकडा आहे, कोणी त्यावर धुणे आपटतो. आणि ही रीत काही आमच्या गावाने काढलेली नाही. रोममधल्या कोलोसियमचे दगड काढून तिथल्या धनिकांनी वाडे आणि चर्चे बांधली. जुने मोडायचे आणि त्याच दगडांचे नवे उभारायचे, हा जगाचा जुना व्यवहार आहे. दगडाला पुन्हा काम मिळाले, यात वाईट काय? काट्यांत पडून राहण्यापेक्षा माणसाच्या पायाखाली येणे बरे नाही का?

ही वकिली मला मेहकरच्या फाट्यापर्यंत पुरली. मग लॉर्ड एल्गिन आठवला. १८०१ पासून पुढे दहा-अकरा वर्षे त्याच्या माणसांनी अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पे उतरवून इंग्लंडात नेली. १८१६ मध्ये ती विकत घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवण्यात आली आणि आजही ग्रीस ती परत मागतो आहे. एल्गिनच्या बाजूने जे बोलतात तेही हेच म्हणतात: तिथे ती नष्ट झाली असती, आम्ही आणली म्हणून वाचली. वर्गात हा धडा आला की मी एल्गिनला फार कडक शब्द लावतो. म्हणजे शिल्प जहाजातून गेले तर ती लूट आणि आमच्या अंगणात आले तर तो संसार, असे माझे नीतिशास्त्र ठरले. हे काही मला पटेना.

तेव्हा प्रश्न जरा लांबून पाहावा असे मी ठरवले. या वास्तू कोणाच्या? आणि सांभाळायच्या म्हणजे काय करायचे?

आमच्याच जिल्ह्यातल्या दोन गोष्टी घ्या. १८८८ मध्ये मेहकरला जमिनीखाली विष्णूची एक प्रचंड मूर्ती सापडली. काळ्या दगडाची, उंची अकरा फुटांच्या आसपास. इंग्रजांचा अंमल होता. साहेब ही मूर्ती विलायतेला नेणार, अशी आवई उठली आणि गावाने घाईघाईने तिची प्रतिष्ठा करून टाकली, अशी हकीकत मेहकरात आजही सांगतात. एकदा देवात देवपण आले की साहेबाची हात लावण्याची छाती होणार नाही, हा हिशेब. आज तो शारंगधर बालाजी आहे. त्याला रोज स्नान, नैवेद्य, आरती आहे. दुसरी गोष्ट जून २०२४ ची. सिंदखेड राजाला लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व खात्याला काही दगड दिसले. खणत गेल्यावर एका देवळाचा पाया लागला आणि त्याच्याही खाली शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. जवळजवळ पावणेदोन मीटर लांब, पायाशी लक्ष्मी, पाठीमागे समुद्रमंथन. लोकांनी हात जोडले, खात्याने मोजमापे घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात चर्चा सुरू झाली की मूर्ती गावात राहावी की बाहेर न्यावी.

दोन्ही मूर्ती विष्णूच्या, दोन्ही एकाच मातीतून वर आलेल्या. एकीला लोकांनी सांभाळले आणि दुसरीला खात्याने. कोणी म्हणेल, लोकांचे सांभाळणे खरे. पण लोकांच्या हाती दिलेल्या कितीतरी देवळांचे काय झाले हे आपण पाहतोच. जुन्या कोरीव खांबांवर ऑइलपेंटचे हात चढतात, गाभाऱ्यात स्नानगृहाच्या फरशा लागतात आणि मंडपावर पत्रे येतात. भक्तीलाही डोळे असतातच असे नाही. उलट नुसते खात्याचे सांभाळणे म्हणजे कुलूप, तारेचे कुंपण आणि फलक. तो फलक लागला की गाव सुटकेचा श्वास टाकते. आता ते सरकारचे झाले, आपला संबंध संपला! भिंतीत पिंपळ उगवला तर कालपर्यंत जो म्हातारा तो उपटून टाकत असे, तो आज म्हणतो, "आपल्याले काय करायचं बाप्पा, हात लावला तर गुन्हा."

आपल्या राज्यघटनेने हा गुंता फार शहाणपणाने ओळखला आहे असे मला वाटते. तिच्या एकोणपन्नासाव्या कलमात राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. पुढे १९७६ मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणणे आणि तो जतन करणे हे कर्तव्य तुमच्या-माझ्यावर टाकले. म्हणजे भार दोघांच्या खांद्यांवर आहे. पण भार दोघांवर असला तरी तो सगळ्यांवर सारखा पडत नाही, ही खरी अडचण आहे.

माझ्या एका आतेबहिणीचे घर अशाच एका संरक्षित देवळाला लागून आहे. गावाचे नाव मी सांगत नाही. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. घर जुने असेल तर दुरुस्तीची परवानगी मिळू शकते. पण तिला दुरुस्ती करायची नव्हती, मुलाचे लग्न ठरले म्हणून एक खोली वाढवायची होती. ती जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा जाऊन आली, कागद घेऊन माझ्याकडेही आली. कायदा वाचून मी तिला सांगितले की हे होण्यासारखे नाही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, देवाले एवढं मोठं घर आहे. त्यानं माह्या पोराच्या खोलीची जागा कायले अडवावी?"

मी तिला देवळाचे महत्त्व समजावून सांगितले. तिने ते ऐकून घेतले. मुलगा आता सासुरवाडीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहतो.

या कायद्याची मी टवाळी करणार नाही. तो नसता तर लोणारच्या देवळांना चारी बाजूंनी सिमेंटने केव्हाच गिळले असते. हेतू चांगला आहे आणि नियमही बहुधा आवश्यक आहे. पण न्यायाचा हिशेब मांडला तर आकडा जुळत नाही. ते देऊळ सगळ्या देशाचे आहे, असे आपण म्हणतो. मुंबईचा माणूस मोटारीतून येतो, अर्धा तास पाहतो, डोळे निववून परत जातो. त्याच्या आनंदाची किंमत कोण देते? शेजारच्या घरातली बाई. सगळ्या राष्ट्राचा ठेवा असेल तर त्याचा भार सगळ्या राष्ट्राने उचलायला हवा. एका आळीने नव्हे. तिला दुसरीकडे जागा मिळावी, भरपाई मिळावी, निदान तिच्या दारात येऊन कोणी म्हणावे की, बाई, तुमच्यामुळे हे टिकले आहे. मी स्वतः तरी हे कुठे म्हणालो? मीही तिला व्याख्यानच दिले.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्याला जरा अडचणीची आहे. सिंदखेडला बारा जानेवारीला पाय ठेवायला जागा नसते. यावी, माणसे लाखांनी यावी. त्या वाड्याने महाराष्ट्राला आई दिली. पण याच जिल्ह्यात मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. तिथे खुदावंदखानाने १५८२ मध्ये बांधलेली दगडी मशीद आहे. तीही संरक्षित स्मारकच. त्याच्याच हातची दुसरी मशीद साखरखेर्ड्याला आहे. १७२४ मध्ये निजामाने तिथली लढाई जिंकली तेव्हा गावाचे नाव फत्तेखेर्डा झाले. सातगाव भुसारीला, कोथळीला यादवकाळची देवळे आहेत. किती शाळांच्या सहली तिथे जातात? आमची कधी गेली नाही. ज्या वास्तूत आपल्याला आपलाच चेहरा दिसतो ती आपण जपतो, आणि तिला आरसा समजून पुन्हा पुन्हा पाहून येतो. पण ज्या खुदावंदखानाशी आपले ना जातीचे नाते, ना राज्याचे, त्याच्या कारागिराने चारशे वर्षांपूर्वी जो दगड घासून गुळगुळीत केला, त्याचे काही देणे आपण लागतो की नाही? माझे उत्तर आहे की लागतो. तो पाथरवट बहुधा इथलाच होता. त्याचे हात आपल्याच भाकरीवर पोसले होते. आणि तो इथला नसता तरी, मेलेल्या माणसाचे काम स्वतःची बाजू मांडू शकत नाही. म्हणून जो जिवंत आहे त्याने ती मांडावी, एवढी माणुसकी पुरेशी आहे.

रस्किन नावाचा एक इंग्रज लेखक होऊन गेला. त्याने १८४९ मध्ये वास्तुकलेवर पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, जुन्या इमारती आपल्या नाहीतच. काही अंशी त्या बांधणाऱ्यांच्या आहेत आणि काही अंशी पुढे येणाऱ्या सगळ्या पिढ्यांच्या. आपल्याकडे यासाठी एक साधा शब्द आहे: ठेव. पूर्वी यात्रेला निघालेला माणूस आपले दागिने शेजाऱ्याकडे ठेवून जाई. शेजारी त्या दागिन्यांचा मालक नसे, पण रात्री चोराची चाहूल लागली तर तो स्वतःच्या डब्याआधी त्या गाठोड्याकडे धावे. परक्याच्या ठेवीला हात न लावणे हे आपल्या खेड्यांत पुण्यापेक्षाही अब्रूचे लक्षण मानले जाई. या वास्तू तशा ठेवी आहेत. ठेवणारे गेले ते परत येणार नाहीत, आणि ज्यांना द्यायच्या त्यांचे चेहरे आपण पाहिलेले नाहीत. इतकी अवघड ठेव दुसरी नसेल. कारण इथे हिशेब मागायला कोणीच दारात उभे राहत नाही.

पण ठेवीचा विचार करतानाही एक शंका उरते. जपानात इसे येथे एक लाकडी देवस्थान आहे. ते दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नवे बांधतात. २०१३ मध्ये तसे बांधले. एकही लाकूड पुरातन नाही, पण बांधण्याची विद्या बापाकडून मुलाकडे न तुटता आली आहे. त्यांनी वस्तू जपली नाही, हात जपले. आपण दगड जपतो आहोत आणि पाथरवटाच्या पोरांना खदानीवर यंत्रापुढे उभे करतो आहोत. दैत्यसूदनाच्या भिंतीवरचा एखादा हंस उद्या निखळला तर तसा दुसरा कोरणारा माणूस आपल्याला किती कोसांवर सापडेल? सांभाळायचे म्हणजे काय, या प्रश्नाला नुसते कुंपण हे उत्तर पुरत नाही, ते यासाठी.

इतका सगळा विचार करूनही पायरी जिथल्या तिथे होती. रोज मी तिच्यावर पाय देऊन शाळेत जात होतो आणि संध्याकाळी तो मुलगा तिच्यावर बसून गणिते सोडवत होता. त्याने पुन्हा काही विचारले नाही, हेच मला जड जात होते. शेवटी उन्हाळ्याच्या सुटीत मी आईजवळ विषय काढला. म्हणालो, "आई, पायरीचा दगड आपण परत नेऊन ठेवू या. तो आपला नाही."

आई गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. "कुठी ठेवशील?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती जागा पाहून आलो. देवळाच्या जागी सोयाबीनचे शेत आहे. बांधावर एक कडुनिंब आणि त्याच्या बुंध्याशी अर्धवट पुरलेले तीन दगड, एवढेच उरले आहे. शेतकऱ्याला मी दगड आणून ठेवू का म्हणून विचारले, तेव्हा तो नांगराला आडवा येईल म्हणून घाबरला.

घरी येऊन मी आईला ते सांगितले. तेव्हा ती जे बोलली ते मी आयुष्यात प्रथमच ऐकले. बहात्तरच्या दुष्काळात ती नवी नवरी होती. गावात पेरणी बुडाली, विहिरी आटल्या, आणि ती दोघे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. खडीचा ढीग मोजून मजुरी मिळे. दगड जवळपासचा, फुटेल तो. पडक्या देवळाचे दगडही ढिगात आले.

"म्या माह्या हातानं फोडले बाबू," आई म्हणाली. "कमळं होती, बाया होत्या नाचनाऱ्या. पयल्या दिवशी हात उचलेना. मंग उचलला. पोटाले काय सांगू? हा हंसाचा दगड आला तवा ह्यायनं तो बाजूले सारला. मुकादमानं पाह्यला असता तर हजेरी कापली असती. चार रातीत पहारीनं उलटवत उलटवत आनला. घर तर मागून बांधलं. आधी पायरी आली."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "रोज सकाळी मी त्याले पानी घालत आली. तुह्या त्या वावरात कोन घालत होतं?"

मी ज्याला चोरी म्हणत होतो ती चोरी होती की सुटका, हे आता माझ्याने सांगवेना. आणि ज्यांनी कमळे फोडली त्यांना काय म्हणायचे? त्या ढिगातल्या खडीचा रस्ता झाला. त्याच रस्त्यावरून मी पुढे शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, आणि लोणारला उभे राहून मुलांना वारशाचे महत्त्व सांगू लागलो. भुकेल्या माणसाला सौंदर्याची जबाबदारी सांगण्याआधी त्याच्या भाकरीची जबाबदारी घ्यावी लागते. ती कोणी घेतली नाही, म्हणून नाचणाऱ्या मूर्ती खडीत गेल्या. त्यात आईचा अपराध किती आणि आपल्या सगळ्यांचा किती, हे मला ठरवता येत नाही. एवढे मात्र कळते की, पोट भरल्यावरही जो दगड फोडतो, किंवा आपल्या दिवाणखान्यात शोभेला नेऊन ठेवतो, त्याला ही सबब नाही.

पावसाळ्यात शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मी सातवीच्या, म्हणजे आता आठवीत गेलेल्या त्या वर्गापुढे उभा राहिलो आणि लोणारला न दिलेले उत्तर दिले. पायरी कुठली, कशी आली, ते आईने सांगितले तसे सांगितले. मग आम्ही एक काम काढले. शंभर पानांची वही घेतली आणि गावात घरोघर फिरून त्या देवळाचा एकेक दगड नोंदवायला सुरुवात केली. दगड कुठे आहे, मोज किती, वर काय कोरले आहे, आणि कोणी केव्हा आणला हे आठवते का. पहिल्यांदा लोक बिचकले; दगड जप्त होणार असे त्यांना वाटले. पण पहिले पान माझ्या घराचे आहे हे पाहिल्यावर दारे उघडली. आतापर्यंत एकतीस दगड सापडले. गोठ्यात, विहिरीवर, तुळशीच्या ओट्यात, एक तर न्हाणीघरात पालथा. एका म्हातारीने आपल्या जात्याखालचा दगड उलटा करून दाखवला, तर खाली अर्धे कमळ होते. तिने ते आजवर पाहिले नव्हते. ती मुलांना म्हणाली, उद्या या, मी धुऊन ठेवते.

वहीत आम्ही रकाने आखले होते. शेवटच्या रकान्याला मी "मालक" असे नाव दिले होते. माझ्या घराची नोंद करताना तो मुलगा थांबला. पेन्सिल कानाला लावून म्हणाला, "गुरुजी, मालक कोन लिवू? तुमचं नाव का आजीचं?"

या वेळी मी घड्याळ पाहिले नाही. मी त्याला मालक शब्द खोडायला सांगितला आणि वर "सांभाळणारे" असे लिहायला लावले. मग त्याने आजीचे नाव लिहिले. खाली शेऱ्यात मी माझ्या हाताने लिहिले की, ही वास्तू पुन्हा उभी राहण्याची कधी वेळ आली, किंवा हे दगड एके ठिकाणी ठेवायला गावाने जागा केली, तर हा दगड विनातक्रार द्यायचा आहे. वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "दे. पन चांगल्या जागी ठेवतीन तवाच दे." आणि तिने सही केली.

उद्या वसुबारस. आईच्या गुडघ्यांना आता बसवत नाही, म्हणून या वर्षी प्रथमच तिने नारळाची शेंडी माझ्या हाती दिली आहे. चौथ्या हंसाची तुटलेली कड हाताला लागते, तिथून जपून घासायचे, एवढे तिने बजावून सांगितले आहे.